ठासणीच्या रायफलची नळी किती लांब असावी?

ठासणीच्या रायफलची नळी तीन कामे करते. पेटलेल्या दारूच्या वायूला गोळी ढकलायला वाव देते, आतल्या आट्यांनी गोळीला फिरकी देते, आणि मागची खाच व पुढची माशी यांच्यात अंतर राखते. लांबीचा विषय निघाला की सगळी चर्चा पहिल्याच कामाभोवती फिरते. नळी लांब तर मारा लांब, हे जणू ठरूनच गेलेले असते. प्रत्यक्षात एका मर्यादेनंतर दारूला लांबीशी फारसे कर्तव्य उरत नाही. तिथून पुढे निवड ठरते ती डोळा, हात, खांदा आणि रायफल जिथे वापरायची ती जागा यांवरून.

हा प्रश्न आज प्रामुख्याने अमेरिकेतला आहे. तिथल्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी फक्त ठासणीच्या हत्यारांचा वेगळा हंगाम असतो. नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन ही संस्था १९३३ पासून चालू आहे आणि इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या गावी तिच्या स्पर्धा भरतात. त्यामुळे २४ इंच की ४२ इंच हे तिथे संग्रहालयातल्या काचेबाहेर उभे राहून नाही, तर पैसे मोजताना ठरवावे लागते.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. रूढ प्रमाण ७५, १५ आणि १०. ती जळली की वजनाच्या निम्म्याहून कमी भागाचा वायू होतो. उरलेले क्षार धुराबरोबर बाहेर पडतात किंवा काजळी होऊन नळीला चिकटतात. ‘काळी दारू सावकाश जळते, म्हणून तिला लांब नळी लागते’ हे अमेरिकी नेमबाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वाक्य चुकीचे आहे. नळीत कोंडलेली काळी दारू झपाट्याने जळते. गोळी बुडापासून काही इंच सरकते न सरकते तोच सर्वाधिक दाब येऊन गेलेला असतो. पुढचा सगळा प्रवास तयार झालेल्या वायूच्या पसरण्यावर होतो. वायू पसरतो तसा दाब घसरतो, आणि नळीचा प्रत्येक पुढचा इंच आधीच्या इंचापेक्षा कमी वेग देतो.

याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. ०.५० इंच व्यासाच्या नळीत ७० ग्रेन, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम दारू घातली तर तिचा थर सुमारे १.४ इंच होतो. नळी २८ इंचांची असेल तर वायूला त्या थराच्या २० पट जागा मिळते, ४२ इंचांची असेल तर ३० पट. घर्षण बाजूला ठेवून वायूच्या प्रसरणाचे नेहमीचे सूत्र लावले, तर १४ इंचांवरून २८ इंचांवर गेल्यास गोळीचा वेग सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. २८ वरून ४२ वर गेल्यास जेमतेम ४ ते ५ टक्क्यांनी. दोन्ही वेळा वाढलेली लांबी १४ इंचच. शिवाय गोल गोळीला हवेचा अडथळा फार होतो आणि वेग जितका जास्त तितका तो वाढत जातो, त्यामुळे तोंडाशी असलेला हा फरक १०० यार्डांवर पोहोचेपर्यंत आणखी आकसतो. हरणाला तो कळत नाही. नेमबाजालाही दारू थोडी वाढवून तो भरून काढता येतो, अर्थात रायफल बनवणाऱ्याने घालून दिलेल्या मर्यादेत राहून.

या हिशेबात लांबीइतकाच व्यास महत्त्वाचा आहे. तीच ७० ग्रेन दारू ०.४० इंचाच्या बारीक नळीत सव्वादोन इंचांच्या आसपास चढते, तर ०.५८ इंचाच्या नळीत एका इंचाला थोडी वर राहते. म्हणजे बारीक व्यासाला लांबीचा फायदा अधिक आणि मोठ्या व्यासाला कमी. नुसते ‘३६ इंच’ म्हणण्याला म्हणूनच अर्थ नाही. व्यास कोणता आणि दारू किती, हे आधी सांगावे लागते. दारूच्या दाण्याचाही यात वाटा आहे. बाजारात ती ‘एफ’च्या संख्येवर ओळखली जाते. तीन एफची दारू बारीक दाण्याची आणि लवकर जळणारी, दोन एफची त्याहून जाड. आखूड किंवा बारीक व्यासाच्या नळीत तीन एफ, मोठ्या व्यासात दोन एफ असा साधारण प्रघात आहे. आधुनिक धूरविरहित दारू मात्र ठासणीच्या नळीत कधीही घालायची नसते. ती निर्माण करते तो दाब या नळ्यांना पेलत नाही आणि नळी फुटून माणसे जायबंदी होतात.

नेमाच्या बाबतीत लांबीचे पारडे खरोखर जड होते, पण त्याचे कारण दारू नाही. मागच्या खाचेत पुढची माशी बसवताना डोळ्याची थोडी चूक होतेच. ती पाव मिलिमीटर धरली आणि खाच व माशी यांत ५० सेंटिमीटर अंतर असेल, तर १०० मीटरवर गोळी ५० मिलिमीटर बाजूला जाते. अंतर ८० सेंटिमीटर असेल तर तीच चूक ३१ मिलिमीटरवर येते. नळी जास्त अचूक झालेली नसते. माणसाची चूक कमी दामात सुटते एवढेच. इथे नळीची पूर्ण लांबी मोजून चालत नाही, कारण जुन्या लांब रायफलींवर मागची खाच बुडापासून बरीच पुढे, साधारण वीतभर किंवा त्याहून अधिक अंतरावर असते. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना याचा वेगळा लाभ आहे. जवळची वस्तू धूसर दिसू लागली की खाच डोळ्यापासून जितकी दूर तितकी ती स्वच्छ दिसते. लांब नळीवर खाच पुढे सरकवायला जागा असते, आखूड नळीवर ती सरकवली की माशी जवळ येते आणि कमावलेले गमावले जाते. दुर्बीण लावली की हा सगळा मुद्दाच निकालात निघतो.

लांबीची किंमत वजनात चुकवावी लागते. अष्टकोनी नळीची समोरासमोरच्या बाजूंमधली जाडी १५/१६ इंच आणि व्यास ०.५० इंच असेल, तर पोलादाच्या दर इंचाचे वजन सुमारे ६८ ग्रॅम भरते. म्हणजे २८ इंचांची नळी १.९ किलोची, ३६ इंचांची जवळजवळ अडीच किलोची आणि ४२ इंचांची २.९ किलोची. त्यात दस्ता, चाप-घोडा आणि पितळी साज मिळवायचा. बाहेरची जाडी तीच ठेवून व्यास ०.५४ केला तर नळी हलकी होते, कारण आतून पोलाद निघून गेलेले असते. मोठ्या व्यासाची रायफल जड असणार, असे समजून बारीक व्यास मागणारे गिऱ्हाईक इथे हमखास फसते.

हे वजन नेहमीच तोट्याचे नसते. उभ्याने नेम धरताना तोंडाकडे जड असलेली रायफल कमी डुलते आणि धक्काही कमी देते. पण दिवसभर डोंगर चढायचा असेल तर तेच वजन संध्याकाळी नको होते. जुन्या कारागिरांनी यावर काढलेली तोड सुंदर होती. नळी बुडाशी जाड, मधे कमरेसारखी बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुललेली ठेवायची. दाब जिथे जास्त तिथे पोलाद जास्त, आणि तोल पुढच्या हाताच्या जवळ. अशी ४२ इंचांची नळी हातात घेतली तर सरळसोट ३६ इंचांच्या नळीपेक्षाही हलकी वाटू शकते. ती घडवायला वेळ लागतो, म्हणून आजही महाग पडते.

दुकानात हातात घेऊन पाहताना एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे रायफल भरायची तोंडातून आहे. ४२ इंची नळीच्या रायफलची एकूण लांबी पावणेपाच फुटांच्या आसपास जाते. दस्ता जमिनीवर टेकवला की पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाच्या हनुवटीशी नळीचे तोंड येते. दारू आधी मापात घ्यायची आणि मापातून नळीत ओतायची. शिंगातून थेट ओतली आणि आत एखादी ठिणगी धुमसत असली तर अख्खे शिंग हातात उडते. मग तोंडावर तेल किंवा चरबी लावलेली सुती चिंधी पसरायची, तिच्यावर शिशाची गोळी ठेवायची, आखूड दांड्याने ती आत बसवायची आणि उरलेली चिंधी सुरीने उडवायची. त्यानंतर गज. लाकडी गज नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून थोडा थोडा दाबत न्यायचा असतो. वरच्या टोकाला धरून जोर केला तर तो तिरपा मोडतो आणि फाटलेले टोक तळहातात घुसते. गोळी दारूला टेकली की गजावरची खूण नळीच्या तोंडाशी येते. खूण वर राहिली असेल तर गोळी आणि दारू यांच्यात पोकळी आहे, आणि अशी रायफल उडवली तर नळी फुगते किंवा फुटते.

हा सगळा उद्योग चेहरा तोंडापासून दूर ठेवून करायचा असतो. बुटक्या माणसाला, मुलांना किंवा झाडावर मचाणात बसून भरणाऱ्याला ४२ इंचांची नळी त्रासाची होते. दोन-चार बार झाले की आत काजळी साठते आणि तेवढ्या लांब मार्गावरून गोळी घासत नेणे जड जाते. त्यामुळे मधे मधे ओल्या चिंधीने नळी पुसावी लागते. आखूड नळीला हे सोपे पडते. तिचा तोटा वेगळ्या बाजूने येतो: तोंड कानाच्या आणि डोळ्याच्या जवळ असल्याने आवाज मोठा वाटतो.

लांबीची ही ओढाताण इतिहासात स्पष्ट दिसते. जर्मन भाषक प्रदेशातून पेनसिल्व्हेनियात गेलेल्या कारागिरांनी आपली येगर रायफल बरोबर नेली होती. ती जंगलातल्या शिकारीसाठी घडलेली, साधारण २४ ते ३० इंच नळीची आणि मोठ्या व्यासाची. अठराव्या शतकाच्या मध्यापासून लँकेस्टर आणि आसपासच्या परगण्यांत तिचे रूप पालटले. नळी ४२ ते ४६ इंचांवर गेली, व्यास बारीक झाला. पुढे ही रायफल ‘केंटकी’ या नावाने गाजली, जरी ती घडत होती पेनसिल्व्हेनियात. सीमेवरच्या वस्त्यांत शिसे आणि दारू दुकानात सहज मिळत नव्हती. बारीक गोळीला दोन्ही कमी लागत आणि लांब नळीवर नेम नेटका बसे. त्याखेरीज लांब बंदूक ही त्या काळची आवडही होती, कारण इंग्रज आणि फ्रेंच मालाच्या लांबलचक बंदुका गिऱ्हाइकाने पाहिलेल्या होत्या. पदार्थविज्ञानात न सापडणारे काही इंच फॅशनच्या खात्यावर टाकावे लागतात.

याच काळातली एक दंतकथा सांगितली जाते. हडसन्स बे कंपनी मूळ रहिवाशांना बंदूक देताना तिच्या उंचीइतकी बीव्हरच्या कातड्यांची थप्पी मागे, म्हणून कंपनीने मुद्दाम नळ्या लांब केल्या, अशी ती कथा. बंदुकीचा भाव कंपनीने बीव्हरच्या कातड्यांच्या ठरावीक संख्येत बांधून दिलेला होता, थप्पीच्या उंचीत नव्हे. तीन, साडेतीन आणि चार फूट नळीच्या बंदुका गिऱ्हाइकापुढे ठेवल्या जात आणि शिकारी आपल्या गरजेप्रमाणे निवडत.

एकोणिसाव्या शतकात वस्ती मिसिसिपीच्या पलीकडे सरकली, शिकारी घोड्यावर बसला आणि समोर गवा व अस्वल आले. सेंट लुईसमध्ये जेकब आणि सॅम्युअल हॉकिन या भावांनी घडवलेल्या रायफलींच्या नळ्या बहुधा ३३ ते ३६ इंचांच्या, जाड आणि ०.५० ते ०.५४ व्यासाच्या होत्या. लांबी घटली, वजन घटले नाही. जास्त दारू पेलायला जाड पोलाद हवे होते. १९७० मध्ये थॉम्पसन/सेंटर कंपनीने ‘हॉकिन’ नावाची रायफल बाजारात आणली. तिची नळी होती २८ इंचांची आणि ती अफाट खपली. त्यामुळे मूळ हॉकिनही तशीच आखूड आणि सुटसुटीत असणार, असा समज अमेरिकेत एका पिढीभर पसरला.

लष्कराचा हिशेब शिकाऱ्याहून निराळा होता. ब्रिटिश सैन्याच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी आधी ४६ इंचांची, मग ४२ इंचांची आणि शेवटी ३९ इंचांची झाली. ३९ इंचांचा नमुना मुळात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांसाठी बनत असे. तो साधा आणि स्वस्त होता, म्हणून फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर १७९० च्या दशकात ब्रिटिश सैन्याने तोच उचलला. आजही त्याला ‘इंडिया पॅटर्न’ म्हणतात. सात इंच नळी गेली तरी लढायांच्या निकालात त्याचा फरक पडला नाही, कारण ती बंदूक बिनआट्यांची होती आणि नेमासाठी नव्हतीच. लांबी लागत होती ती दोन कारणांसाठी. मागच्या रांगेतल्या शिपायाची नळी पुढच्याच्या कानापलीकडे गेली पाहिजे, आणि संगीन लावल्यावर घोडेस्वारापर्यंत पोहोचली पाहिजे. १८०० मध्ये आलेल्या बेकर रायफलची नळी ३० इंचांचीच होती, म्हणून तिला जवळपास दोन फुटांची तलवारीसारखी संगीन द्यावी लागली.

भारताच्या इतिहासात गाजलेली ठासणीची रायफल म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड. १८५७ चा भडका ज्या काडतुसांवरून उडाला ती हिचीच. व्यास ०.५७७ इंच, नळी ३९ इंच, तीन आटे आणि ७८ इंचांत एक पूर्ण पीळ. उठाव मोडल्यावर सरकारने हिंदी पलटणींसाठी १८५८ चा नमुना काढला. बाहेरून तो एनफील्डसारखाच लांब, पण आतून आटे नाहीत आणि व्यास ०.६५६ इंच. देशी शिपायाच्या हातून लांब पल्ल्याचा मारा काढून घ्यायचा तर नळी कापावी लागत नाही, आटे काढले की पुरे, हे सरकारला नेमके ठाऊक होते.

एनफील्डनेच दुसराही धडा दिला. तिची ‘शॉर्ट रायफल’ ३३ इंच नळीची होती. तिच्या पुढच्या आवृत्तीत पाच आटे आणि ४८ इंचांत एक पीळ आला, आणि ती ३९ इंचांच्या मोठ्या बहिणीपेक्षा नेमाला सरस ठरली. सहा इंच कमी असूनही सरस, कारण पीळ त्या लांबट गोळीला अधिक मानवला आणि नळी अधिक जाड होती. गोळीची फिरकी पिळावर आणि वेगावर ठरते, लांबीवर नाही. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला सावकाश पीळ पुरतो, ०.५० च्या नळीत ६० ते ७० इंचांत एक. लांबट गोळीला जलद पीळ लागतो, २८ इंचांत एक किंवा त्याहूनही जलद. व्हिटवर्थ रायफलच्या षट्कोनी नळीत तो २० इंचांत एक होता. ज्याला लांबट गोळी वापरायची आहे त्याने सावकाश पिळाची ४२ इंची नळी घेतली तर सगळी लांबी वाया गेली.

१९८५ मध्ये टोनी नाइट यांची एमके-८५ आली आणि घोडा बाजूला असण्याऐवजी दारूच्या सरळ मागे आला. या ‘इनलाइन’ रायफलींच्या नळ्या बहुतेक २४ ते ३० इंचांच्या असतात. दुर्बीण लावायची, प्लास्टिकच्या वेष्टनातली लांबट गोळी घालायची आणि १०० ते १५० ग्रेनपर्यंत दारू किंवा तिचा पर्याय वापरायचा, असा त्यांचा रिवाज आहे. दारू जास्त असल्याने इथे लांबीला पुन्हा थोडा भाव येतो. १५० ग्रेन भरणाऱ्याला २४ इंचांपेक्षा २८ किंवा ३० इंच खरोखर उपयोगी पडतात. ८० ते १०० ग्रेन भरणाऱ्याला २४ किंवा २६ इंच पुरेत. वरचे इंच फक्त झुडपात अडकायला.

पारंपरिक रायफल घेणाऱ्यासाठी निवड अशी पडते. स्पर्धेत उभ्याने, उघड्या खाचेवर नेम धरायचा आणि अंगात ताकद आहे, तर ०.४० ते ०.५० व्यासाची ४० ते ४२ इंचांची, शक्यतो कमरेसारखी बारीक घडवलेली नळी. दाट झाडीत शिकार करायची, गाडीतून उतरून चालायचे, तर ०.५० किंवा ०.५४ ची २८ ते ३२ इंचांची. एकच रायफल घ्यायची आणि तीच दोन्हीकडे चालवायची असेल तर ३४ ते ३६ इंच. ऐतिहासिक पेहरावात, एखाद्या विशिष्ट काळाची म्हणून मिरवायची असेल तर हा हिशेबच सोडून द्यावा आणि त्या काळच्या नमुन्याची लांबी घ्यावी. दारूच्या वेगासाठी म्हणून ३६ इंचांपुढे जाऊ नये. त्यापुढचे इंच नेमासाठी, तोलासाठी किंवा देखणेपणासाठी घ्यावेत, आणि ते तसे आहेत हे माहीत असावे.

जुन्या रायफलींच्या मोजमापांवर विसंबताना एक सावधगिरी लागते. गज वर्षानुवर्षे घासून तोंडाशी आटे झिजत, तेव्हा कारागीर तोंडाकडचे काही इंच कापून टाकी. बुडाशी गंज चढला की तिकडूनही कापी. आटे पार बुजले तर नळी पुन्हा कोरून व्यास वाढवला जाई. आज संग्रहालयात ३८ इंच भरणारी नळी जन्मतः ४३ इंचांची असू शकते. नळी कापणे हा आजही न परतणारा निर्णय आहे. कापल्यावर तोंड पुन्हा अगदी काटकोनात घासून आट्यांच्या कडा सारख्या कराव्या लागतात, माशी मागे आणून तिची उंची बदलावी लागते, गज आखूड करावा लागतो. तोंडाची कड एका बाजूला किंचित जरी उतरती राहिली, तरी वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळी कलते. म्हणून शंका असेल तर लांब नळी घ्यावी.

कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका बिनआट्यांच्या असतात, त्यामुळे पीळ आणि लांबट गोळीचा वरचा हिशेब त्यांना लागू पडत नाही. नळी कापण्याबद्दल मात्र भारतात स्वतंत्र कायदा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ प्रमाणे बंदुकीची नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो; बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही.